की-बोर्डखालचं कुंकू

मशीन ओलं झालं की ते चालू करून बघायचं नाही. हे एक वाक्य मी धुळ्यात वीस वर्षं ओरडून सांगितलं, दुकानाच्या दारावर रंगवून लावलं, पावतीच्या मागे शिक्का मारून दिलं. तरी येणारा प्रत्येक माणूस काउंटरवर मशीन ठेवून हेच सांगायचा, "पाणी गेलं होतं हो थोडंसं, पण आम्ही चार-पाचदा चालू करून बघितलं." अरे बाबा, का बघितलं? पाण्याने काही बिघडत नाही, पाण्यात वीज सोडली की बिघडतं. एवढी साधी गोष्ट शिकल्यासवरल्या माणसांच्या डोक्यात का शिरत नाही, हे मला दुकान बंद करेपर्यंत कळलं नाही.

संपादकांनी पत्रात 'व्यवसायातल्या गमतीजमती' लिहायला सांगितलं आहे. गमती आहेत, नाही असं नाही. पण माझ्या धंद्यात गमतीपेक्षा संतापच जास्त झाला, आणि त्यातला एक अजून उतरलेला नाही. तो अर्धा दुसऱ्यांवरचा आणि अर्धा माझ्यावरचा आहे, म्हणून उतरत नसावा.

मी मुळात रेडिओ-टीव्हीवाला. आयटीआय केलं आणि आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत दुकान टाकलं. ऐंशीच्या दशकात घरोघर टीव्ही आले तेव्हा मला जेवायला फुरसत नव्हती. नंतर कॉम्प्युटर आले, तेही शिकलो. नव्वदीच्या उत्तरार्धात नोटबुक कॉम्प्युटर आले, म्हणजे आज ज्याला सगळे लॅपटॉप म्हणतात ते. धुळे आणि जळगाव मिळून तेव्हा बोटांवर मोजण्याइतकेच असतील. लोक त्याला 'ब्रीफकेसवाला कॉम्प्युटर' म्हणायचे आणि तो दुरुस्त करणाऱ्याला टीव्हीवालाच समजायचे.

तो उघडायचा कसा, ते सांगतो. आधी वायर काढायची, मग बॅटरी. बॅटरी काढल्यावर चालू करायचं बटण थोडा वेळ दाबून धरायचं, म्हणजे आत साठलेली उरलीसुरली वीज निघून जाते. मग स्वतःच्या अंगातली वीज काढायची. थांबा, हसू नका. आपल्याकडच्या कोरड्या थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना, तीच ती. ती तुम्हाला नुसती गुदगुली करते, पण आतल्या चिपचा जीव घेते. म्हणून मी मागच्या अंगणात खड्डा खणून तांब्याची पट्टी पुरली होती, मीठ आणि कोळसा घालून. तिची तार टेबलापर्यंत आणली होती आणि काम करताना ती मनगटाला बांधायचो, म्हणजे अंगातली वीज जमिनीत जाते. उन्हाळ्यात त्या खड्ड्याला रोज बादलीभर पाणी घालावं लागे. शेजारच्या अक्का एकदा विचारत्या झाल्या, "भाऊ, काय पेरेल शे आठे?" मी म्हटलं, "अक्का, इथं माझी अब्रू पेरली आहे."

मग स्क्रू. नोटबुकच्या पोटात पंचवीस-तीस स्क्रू असतात आणि त्यांची लांबी सहा-सात तऱ्हेची असते. दिसायला सगळे सख्खे भाऊ. पण लांब स्क्रू आखूड भोकात घातला की तो खालचा बोर्ड फोडून बाहेर येतो. बायकोने टाकून दिलेला मसाल्याचा डबा मी यासाठी घेतला होता. सात वाट्या, सात तऱ्हेचे स्क्रू. कोणती वाटी कोणत्या जागेची, ते कागदावर मशीनचं चित्र काढून लिहायचं. बायको म्हणायची, "जिऱ्याच्या वाटीत स्क्रू बघून माझं डोकं फिरतं." तिचं बरोबर होतं, पण त्या डब्याने माझ्या हातून एकही बोर्ड फुटू दिला नाही.

शेवटी की-बोर्ड. तो स्क्रूने कमी आणि खिट्ट्यांनी जास्त बसलेला असतो. त्याच्याखाली कागदासारखी पातळ पट्टी असते, ती एका बारीक कुलपात अडकवलेली. कुलूप नखाने वर करायचं आणि मगच पट्टी ओढायची. घाईत ओढली की फाटते, आणि ती पट्टी मुंबईहून यायला महिना लागायचा. इथे ताकद लागत नाही, धीर लागतो. तो लोकांकडे नव्हता, म्हणून माझं पोट भरलं.

जळगावच्या एका केळीच्या व्यापाऱ्याचं मशीन असंच आलं. त्यांच्या घरी सांडगे-पापड चालू होते, पाण्याचा हंडा कलंडला, मशीन भिजलं. शेठजींनी काय करावं? मे महिन्यात, जळगावात, भर दुपारी ते मशीन उघडून गच्चीवर पापडांशेजारी वाळत घातलं. संध्याकाळी पापड वाळले आणि पडदा काळा ठिक्कर पडला. मला विचारतात, "पाणी तर वाळलं ना, मग चालत का नाही?" मी म्हटलं, "शेठ, पापडही वाळलाय, म्हणून तळल्याशिवाय खाता का?" ते माझ्यावर रागावले, वर सगळीकडे सांगत सुटले की धुळ्याचा मेकॅनिक उर्मट आहे. आहेच मी उर्मट.

दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीतले एक इंजिनिअर होते. माणूस हुशार, स्वभावाने गोड. मशीन तापतं म्हणून त्यांनी पंख्याच्या जाळीतून सायकलच्या पंपाने हवा मारली. बाहेरून आत. वर्षभराची धूळ जाळीत होती ती सगळी आत जाऊन बसली. एवढा शिकलेला माणूस, पण धूळ बाहेर काढायची असते, आत ढकलायची नसते, हे त्यांना मी सांगायचं. त्यांनी मात्र कान पकडले आणि दर दिवाळीला मला फराळाचा डबा पाठवत राहिले. चूक कबूल करणारी गिऱ्हाइकं मला सगळ्या आयुष्यात दोन-तीनच भेटली, त्यातले ते एक.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो, तिकडे येतो.

धुळ्यातल्याच देवपुरात एका संस्थेचं कार्यालय होतं. नाव सांगत नाही, आता ती संस्थाही राहिलेली नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत जाऊन मुलांची वजनं, आजार, लसी यांची पाहणी करायची आणि माहिती मुंबईच्या मुख्य कार्यालयात पाठवायची, असं त्यांचं काम. त्यांच्याकडे आठ साधे कॉम्प्युटर होते, त्यांच्या देखभालीचा वर्षाचा करार माझ्याकडे होता. आणि गावोगाव न्यायला एक नोटबुक होतं, मुंबईहून आलेलं. ते नोटबुक घेऊन फिरायची ती ऑपरेटर कल्पना.

कल्पना शिरपूरकडच्या एका खेड्यातली. शेतकऱ्याची मुलगी, टायपिंग शिकलेली, धुळ्यात मावशीकडे राहून कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. तिने त्या नोटबुकसाठी आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडीसारखी पिशवी शिवली होती, आत दोन थर कापूस घालून. जीपमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन बसायची, सीटवर ठेवायची नाही. एकदा सर्व्हिसिंगला मशीन घेऊन आली तेव्हा म्हणाली, "भाऊ, बॅटरी मी काढून आणली आहे, वेगळी." एवढी वर्षं मी ओरडत होतो आणि ऐकणारी ही एकटी निघाली.

एका वर्षी दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी त्या ऑफिसचे शिपाई शंकरनाना रिक्षातून ते नोटबुक घेऊन आले. टॉवेलमध्ये गुंडाळलेलं. बरोबर चिठ्ठी होती, प्रकल्पप्रमुखांच्या सहीची. त्यांना ऑफिसात सगळे नुसतं 'साहेब' म्हणत, मीही तेच म्हणतो. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'ऑपरेटरकडून चहा सांडल्याने मशीन बंद. तपासून लेखी अहवाल द्यावा.' मी शंकरनानांना विचारलं, "कसं झालं हो?" ते टॉवेलाची घडी घालत बसले. घडी घालून झाली, तरी माझ्याकडे बघेनात.

ते गेले आणि थोड्याच वेळात कल्पना आली. सायकल भिंतीला लावली आणि दारातच उभी राहिली. ऑफिसात ती अगदी शुद्ध बोलायची, त्या दिवशी गावचं बोलली. "भाऊ, मी चहाच पेत नही. बठ्ठा ऑफिसले माहीत शे."

मी म्हटलं, "सगळ्यांना माहीत आहे, तर मग सांडलं काय?"

"मी सांगणार नाही. तुम्ही उघडा. माझ्यासमोर उघडा."

माझ्या टेबलाजवळ मी कोणालाही बसू देत नसे. गिऱ्हाईक जवळ बसलं की बोट घालतं. पण ती हात मांडीवर ठेवून स्टुलावर बसली. तिने सांगितलं की शिरपूरला एका संस्थेत ऑपरेटरची जागा निघाली आहे, घरापासून सायकलवर जाता येईल अशी. दोन वर्षांच्या अनुभवाचा दाखला लागतो. तिची दोन वर्षं दिवाळीला पुरी होत होती. साहेब आता म्हणत होते की मशीन निष्काळजीपणाने बिघडलं असेल, तर तसं दाखल्यावर लिहावं लागेल. सगळं माझ्या अहवालावर होतं.

मी मशीन उलटं केलं. बॅटरी आतच होती. तीन दिवस ओल्या मशीनमध्ये बॅटरी ठेवलेली. माझं डोकं तिथेच फिरलं. बॅटरी काढली, तार मनगटाला बांधली, स्क्रू एकेक करून डब्यात टाकत गेलो. मग मशीन सुलटं करून की-बोर्डच्या खिट्ट्या सोडवल्या आणि तो हळूच उचलला.

खाली लाल होतं. की-बोर्डच्या पाठीवर, खालच्या पत्र्यावर, बोर्डाच्या एका कडेला कुंकवाचा लगदा वाळून बसला होता. त्यात हळद. पाच अक्षता मोजून मिळाल्या, आणि झेंडूची एक पाकळी पट्टीच्या कुलपाजवळ चिकटलेली. पाण्याचा ओघळ गेला होता तिथे तांबं हिरवं पडलं होतं. मी नाक जवळ नेलं. दुधाचा चहा तीन दिवसांनी नासका वास मारतो. इथे वास होता नासक्या नारळपाण्याचा. खात्री करायला बोट लावून जिभेला लावलं, गोड-खारट. पोरगी माझ्याकडे बघत होती.

"आता सांगते," ती म्हणाली.

दसऱ्याला ऑफिसात यंत्रपूजा झाली. आपल्याकडे ती सगळीकडेच होते. मीही माझ्या सोल्डरिंगच्या बंदुकीला हळदकुंकू वाहत आलो आहे, त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण साहेबांची हौस वेगळी. नोटबुक सुरू करून पडद्यावर गणपतीचं चित्र आणायचं आणि मग पूजा करायची. कल्पनाने सांगितलं, "साहेब, बंद करू का आधी?" साहेब म्हणाले, "बंद मशीनची कसली पूजा?" फुलाने पाणी शिंपडलं, की-बोर्डवर कुंकू आणि अक्षता वाहिल्या, आणि साहेबांनी स्वतः नारळ मशीनच्या शेजारी टेबलाच्या कडेवर आपटला. नारळ पहिल्याच फटक्याला दुभंगला. अर्ध्याहून जास्त पाणी की-बोर्डात. गणपती एकदा थरथरला आणि पडदा गेला. मग साहेबांनी, अर्थातच, चार-पाचदा चालू करून बघितलं.

आणि नंतर ऑफिसातल्या बारा माणसांनी त्याच नारळाचं खोबरं प्रसाद म्हणून खाल्लं. दुसऱ्या दिवशी मुंबईहून फोन आला, मशीन का बंद? साहेब म्हणाले, मुलीने चहा सांडला. बाराच्या बारा जण मूग गिळून बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी पुस्तकात वाचली होती, देवपुरात बघितली.

मी तिला म्हणालो, "घाबरू नकोस. यात चहाचा थेंब नाही, हे आंधळ्यालाही दिसेल. मी लिहून देतो." हे मी म्हणालो. माझ्या तोंडचे शब्द आहेत, विसरलेलो नाही.

मग मी ते मशीन धुतलं. हो, धुतलं. लोकांना हे ऐकून धक्का बसतो. बॅटरी काढलेली असली की स्वच्छ डिस्टिल्ड पाण्याने बोर्ड धुता येतो, मग स्पिरिटने. दात घासायच्या मऊ ब्रशने कुंकू काढलं, कानाकोपरा टाचणीला कापूस गुंडाळून पुसला. दोन दिवस साध्या बल्बच्या उबेत लांबून वाळवलं, उन्हात नाही. बोर्डावरची एक रेघ खाल्ली गेली होती, तिथे केसाएवढी तार जोडली. माहिती साठवायची डिस्क मी पहिल्याच दिवशी काढून बाजूला ठेवली होती, ती धडधाकट निघाली. चाळीस गावांच्या मुलांची माहिती, सगळी जागेवर. दुसरा की-बोर्ड बसवला, मसाल्याच्या डब्यातले स्क्रू ज्याचे त्याच्या जागी गेले, एकही उरला नाही. मशीन सुरू झालं आणि पडद्यावर पुन्हा तोच गणपती आला. त्या वेळी मुंबईतसुद्धा कोणी असं मशीन जिवंत करून दिलं असतं का, मला शंका आहे. ही माझी बढाई आहे, आणि ती मी खुशाल मारतो.

मग अहवाल लिहिला. लेटरहेडवर, स्वच्छ अक्षरात. की-बोर्डखाली कुंकू, हळद, अक्षता, फुलाची पाकळी आणि नारळपाणी आढळले, चहा आढळला नाही. सही करून ठेवला. दुसऱ्या दिवशी साहेब जीप घेऊन स्वतः दुकानात आले. कधी नव्हे ते. मशीन चालू बघून त्यांनी माझी पाठ थोपटली. मग अहवाल वाचला आणि खुर्चीत नीट सरसावून बसले.

"फार छान काम केलंत," म्हणाले. "पण तुम्ही टेक्निकल माणूस. अहवालात हळदकुंकू कशाला? मुंबईच्या ऑफिसात परदेशी लोक येतात-जातात. ते काय म्हणतील? आपल्या देवधर्माचं हसं करायचं का?"

मी म्हटलं, "साहेब, आत जे होतं ते लिहिलं."

"होतंच ना. मी कुठे नाही म्हणतो? 'द्रव पदार्थ आत गेल्याने बिघाड' असं लिहा. नारळाचं पाणी द्रवच आहे की. यात खोटं काय आहे?"

"आणि ती मुलगी?"

"तिचं मी बघतो. तुम्ही तिचं नाव लिहूच नका, म्हणजे तिलाही बरं." मग उठता उठता सहज म्हणाले, "आणि हो, आठ मशीनचा करार पुढच्या महिन्यात संपतोय नाही का? आपण पुढे चालू ठेवू."

मी आजवर हा प्रसंग पन्नासदा मनात चालवून बघितला आहे. त्यांनी मला 'चहा लिही' म्हणून दटावलं असतं, तर मी त्यांना दुकानाबाहेर काढलं असतं. माझा स्वभाव सगळ्या धुळ्याला माहीत आहे. पण त्यांनी खोटं लिहायला सांगितलंच नाही. त्यांनी फक्त थोडं कमी लिहायला सांगितलं. आणि मी, पापडवाल्या शेठला तोंडावर बोलणारा, इंजिनिअरला कान पकडायला लावणारा, नवा कागद घेतला आणि लिहिलं: 'द्रव पदार्थ आत गेल्याने बिघाड.' खाली सही केली. पहिला कागद साहेबांनी घडी घालून खिशात टाकला.

त्या एका ओळीवर साहेबांनी आपली ओळ चढवली: मेकॅनिकच्या अहवालानुसार ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे. कल्पनाला दिवाळीच्या आधी कामावरून कमी केलं आणि दाखल्यावर तेच लिहिलं.

ती दुकानात आली तेव्हा मी एका टीव्हीचं मागचं झाकण उघडून बसलो होतो. तिच्या हातात दाखला होता आणि माझ्या अहवालाची झेरॉक्स. ती रडत नव्हती. तिने ती झेरॉक्स माझ्यासमोर ठेवली आणि विचारलं, "भाऊ, तुमी कुंकू देखं ना?"

"हो," मी म्हटलं.

"मंग लिखं काबर नही?"

मी जे बोललो ते लिहिताना आजही लाज वाटते. मी म्हटलं, "मी खोटं काही लिहिलेलं नाही, कल्पना. चहा असा शब्द कुठे आहे का बघ."

तिने खरंच कागद उचलून पुन्हा वाचला. मग नीट घडी घातली. "खोटं नही लिखं, भाऊ. पन खरं बी नही लिखं." एवढं बोलून सायकल घेऊन गेली. ती गोधडीची पिशवी हँडलला अडकवलेली होती, रिकामी. ऑफिसने ती तिला परत केली असावी.

त्यानंतर आठवड्याभराने मी साहेबांकडे गेलो. पहिला अहवाल पुन्हा लिहून, खिशात घालून. गेलो हे खरं, पण केव्हा गेलो, तर शिरपूरची जागा भरून झाल्यावर. साहेब म्हणाले, "प्रकरण मिटलं आहे, तुम्ही कशाला उकरता?" बाहेर शंकरनाना भेटले. मी त्यांच्यावरच डाफरलो, "तुम्ही तरी बोलायचं होतं." ते म्हणाले, "मी काय करू भाऊ? मनी नोकरी शे, पोरं शेतस." त्यांच्यावर ओरडायचा मला काय अधिकार होता? त्यांच्याजवळ नोकरी होती आणि पोरं होती. माझ्याजवळ दुकान होतं, हातात कला होती, आणि लेटरहेड होतं. बारा जणांच्या तोंडापेक्षा त्या ऑफिसात माझा एक कागद जड होता. तोच मी हलका करून दिला.

इथे लिहायला आवडलं असतं की मी तो करार त्यांच्या तोंडावर फेकला. नाही फेकला. पुढची तीन वर्षं तो चालवला. उलट पुढच्या दसऱ्याला साहेबांनी मला मानाने पूजेला बोलावलं. म्हणाले, "या वर्षी नारळ तुमच्या हातून." मी सगळी मशीनं बंद करायला लावली, नोटबुकची बॅटरी काढली, झाकण मिटवून वरून फक्त बोटभर कुंकू लावलं आणि नारळ बाहेर पायरीवर फोडला. सगळ्यांनी वाहवा केली. साहेब म्हणाले, "बघा, याला म्हणतात शास्त्रशुद्ध पूजा." शंकरनाना खोबऱ्याचे तुकडे वाटत होते. माझ्यासमोर ताट धरलं आणि माझ्याकडे एकदाच बघितलं. मी तुकडा घेतला आणि खाल्लासुद्धा.

कल्पनाचं पुढे काय झालं ते शंकरनानांकडूनच तुटक तुटक कळलं. दोन ठिकाणी मुलाखतीला गेली, दोन्ही ठिकाणी दाखला मागितला. मग दाखला मागणारी ठिकाणंच तिने सोडून दिली. लग्न झालं, सातपुड्याकडच्या गावात गेली, शेतात राबते आहे, असं शेवटचं ऐकलं. त्यालाही आता खूप वर्षं झाली. धुळ्यातली सगळ्यात चांगली ऑपरेटर होती ती. हे मी तिला कधी म्हणालो नाही, तेही माझ्या हिशेबी चुकलंच.

दुकान बंद केलं तेव्हा मसाल्याचा डबा घरी आणला. बायकोने तो घासून पुन्हा फडताळात ठेवला, आता त्यात मोहरी-जिरं आहे. माझ्याकडे लेटरहेडचे थोडे कागद उरले होते. संपादकांचं पत्र आलं तेव्हा त्यातलाच एक घेतला आणि सगळ्यात आधी खालचा मजकूर लिहिला, बाकीचा लेख नंतर. साहेब हयात नाहीत, संस्था नाही, मशीन तर कधीच भंगारात गेलं. या कागदाचा कोणाला काही उपयोग नाही, हे मला कळतं. पण मी तेव्हा दोन अहवाल लिहिले होते आणि त्यातला चुकीचा बाहेर गेला. बरोबर होता तो हा, तेव्हा लिहायचं राहिलं तेही घालून:

'नोटबुक कॉम्प्युटर उघडून तपासला. बॅटरी आतच होती. की-बोर्डखाली कुंकू, हळद, पाच अक्षता, झेंडूची एक पाकळी आणि नारळाचे पाणी आढळले. मशीन चालू असताना त्याच्या शेजारी नारळ फोडल्यामुळे बिघाड झाला. त्यानंतर ते ओल्या स्थितीत वारंवार चालू केल्यामुळे बिघाड वाढला. मशीन बंद करण्याची सूचना ऑपरेटरने पूजेआधी दिली होती, ती ऐकली गेली नाही. चहाचा अंश कोठेही आढळला नाही. ऑपरेटर कुमारी कल्पना यांचा काहीही दोष नाही. त्या चहा पीत नाहीत.'